खलनायकाला बालपण नको, धंदा द्या

प्रति,
ॲमी पास्कल, डेव्हिड हेमन, डेनी व्हिलनव्ह, स्टीव्हन नाइट
आणि ॲमेझॉन एमजीएम स्टुडिओजमधली समस्त मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय. भाषांतर करणारी यंत्रं तुमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यातलं एखादं लावा. यंत्राला 'स. न. वि. वि.' कळलं नाही तर ते सोडून द्या, त्यात मुद्द्याचं काही नसतं.

मी पुण्याचा. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची एकोणीस तपासणी खात्यात. तपासनीस म्हणजे शाखेत शिरला की ज्याच्यासाठी बाहेरून चहा मागवतात, पण ज्याच्याशी कुणी मोकळं बोलत नाही, असा प्राणी. या नोकरीत मला दोन व्यसनं लागली. एक, कुठल्याही बेरजेवर विश्वास न ठेवणं. दुसरं, जेम्स बाँड. दुसरं खरं तर आधीचं. लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड भाड्याने आणून वाचायचो, कॉलेजात गेल्यावर अलका टॉकीजला बाँड बघायला लागलो, तो आजतागायत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली की आजवर बाँडपट काढणाऱ्या बार्बरा ब्रोकोली आणि मायकल विल्सन यांनी बाँडचा सर्जनशील ताबा तुमच्याकडे दिला. मग निर्माते ठरले, दिग्दर्शक ठरला, लेखक ठरला. दिग्दर्शकाच्या आडनावातच 'व्हिलन' आहे, तेव्हा माझं पत्र योग्य पत्त्यावर जातंय असा शकुन मी धरला. कारण पत्र खलनायकाबद्दलच आहे. नवा बाँड कोण, यावर जगभर पैजा लागतात. मला त्यात रस नाही. बाँडला सूट शिवून मिळतो, बंदूक खात्याकडून मिळते, वरिष्ठांच्या शिव्या फुकट मिळतात. माझी काळजी समोरच्या खुर्चीची आहे.

आणि काळजीचं कारण २०१५ चा 'स्पेक्टर'. अर्ध्या सिनेमापर्यंत मी खूश होतो. रोममधली ती बैठक आठवा. लांबलचक टेबल, अर्धा अंधार, आणि माणसं चक्क अहवाल वाचतायत. बनावट औषधांचा धंदा कसा चाललाय, कुठे अडचण आहे. माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या तिमाही बैठकीचा सूर अगदी तस्साच असतो. पुढे उलगडलं काय, तर त्या खुर्चीतला, बाँडचा जुना शत्रू ब्लोफेल्ड म्हणजे बाँडच्या पालक-वडिलांचा सख्खा मुलगा. बाबांनी त्या पोरक्या मुलावर जास्त माया केली म्हणून याने बाबांना मारलं, आणि नंतर जन्मभर बाँडला दुःख देत राहिला. म्हणजे जगभर पसरलेली एवढी मोठी गुन्हेगारी संस्था कशासाठी, तर भावाभावांच्या भांडणासाठी! असले दावे आमच्याकडे दिवाणी कोर्टात चालतात, आणि त्यात बहुधा सामाईक विहिरीचा प्रश्न असतो.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: खलनायकाला बालपण देऊ नका, धंदा द्या. बाकीचं पत्र या वाक्याचा हिशेब समजा.

मी नोकरीत लबाडीची जी प्रकरणं उघडली, त्यातल्या एकाही माणसाचं बालपण मला अहवालात लिहावं लागलं नाही. एका तालुक्याच्या गावी, आमच्याच शाखेत, एक गृहस्थ होते. अकरा वर्षांत एक दिवस रजा नाही. सकाळी शटर उघडायला हजर, संध्याकाळी कुलूप लावायला हजर. मॅनेजर कौतुकाने सांगायचे, असा माणूस मिळायचा नाही. माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, जो रजा घेत नाही त्याचं टेबल आधी बघ. त्यांना सक्तीने दहा दिवस घरी बसवलं. चौथ्या दिवशी सस्पेन्स खात्यातली (म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यातली) एक नोंद जुळेना, आणि ती जुळवायला गेलेल्या पोरीला खाली चाळीस सापडल्या. हा माणूस रोज सकाळी कालचं भोक आजच्या पैशाने बुजवत होता, म्हणून त्याला रजा परवडत नव्हती. त्याच्या आईने त्याच्यावर प्रेम केलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तो रजा का घेत नव्हता हे कळलं आणि मला त्याची जी भीती वाटली, ती कुठल्याही चट्टेवाल्या डॉक्टरची वाटली नाही.

बाँडचा जन्मदाता इयान फ्लेमिंगला हे ठाऊक होतं, कारण तो आमच्याच बाजूचा. आजोबांनी उभी केलेली बँक घरात, आणि युद्धाआधी तो स्वतः लंडनमध्ये आधी एका बँकेत आणि मग शेअर दलालाच्या पेढीवर होता. कामात फारसा चमकला नाही म्हणतात. पण पैसा कुठून निघतो आणि कुठे जिरतो हे त्याने जवळून बघितलं. मग युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता प्रमुखाचा सहायक झाला, तिथे फायली कशा फिरतात ते बघितलं. पैसा आणि फायली. त्याचे खलनायक या दोन वस्तूंतून तयार झालेत.

पहिलाच बघा. 'कॅसिनो रोयाल', १९५३. ल शिफ्र हा फ्रान्समधल्या एका कम्युनिस्ट कामगार संघटनेचा खजिनदार. त्याने काय केलं? मालकांचे, म्हणजे सोव्हिएत खात्याचे, पाच कोटी फ्रँक परस्पर वेश्यागृहांच्या साखळीत गुंतवले. हेतू असा की नफा आपला, मुद्दल जागच्या जागी परत. आणि काही महिन्यांतच, १३ एप्रिल १९४६ ला, फ्रान्सने वेश्यागृहं बंद करणारा कायदा केला. हा कायदा खरा आहे, मार्थ रिशारच्या नावाने ओळखला जातो. (आणि ही कादंबरी छापून आली ती तारीखही १३ एप्रिलच, सात वर्षांनंतरची. मुद्दाम की योगायोग, देव जाणे.) झालं, धंदा बसला, मुद्दल बुडालं, आणि वरून तपासणी येण्याआधी खड्डा भरायचा म्हणून हा बाबा जुगाराच्या टेबलावर बसला. म्हणजे जगातली पहिली बाँडकथा ही मुळात एका अफरातफरीची गोष्ट आहे! त्या तालुक्याच्या शाखेतले आमचे गृहस्थ आणि ल शिफ्र यांच्यात फरक फक्त रकमेचा.

शेवटी त्याला बाँड मारतच नाही. त्याच्याच खात्याचा माणूस येऊन मारतो. कारण बाँडला तो नुसता शत्रू आहे, पण खात्याला तो चोर आहे.

ते खातं म्हणजे 'स्मेर्श'. फ्लेमिंगने ते हवेतून काढलं नव्हतं. 'स्मेर्त श्पिओनाम', हेरांना मृत्यू, या दोन रशियन शब्दांचा तो जोड. १९४३ मध्ये हे खातं खरंच स्थापन झालं आणि १९४६ मध्ये गुंडाळलंही गेलं. फ्लेमिंगने कादंबऱ्यांत ते आणखी दहा-बारा वर्षं चालू ठेवलं. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये बाँड येण्याआधी कितीतरी पानं नुसती त्या कार्यालयाची आहेत: कोण कुठे बसतं, बैठकीला कोण आलं, कोण कुणाला घाबरतं, कागदावर सही कोण करणार. लहानपणी मी ती पानं उलटून पुढे जायचो. आता तेवढीच पुन्हा पुन्हा वाचतो.

'गोल्डफिंगर'चं तर विचारूच नका. १९५९ च्या कादंबरीत बँक ऑफ इंग्लंडचा एक अधिकारी बाँडला सोन्याची तस्करी समजावून सांगतो, आणि सोनं जातं कुठे तर भारतात, कारण इथे भाव जास्त. गोल्डफिंगर आपल्या रोल्स रॉइसच्या अंगाचे पत्रेच सोन्याचे करतो, युरोपात नेऊन वितळवतो, आणि पुढे त्या सोन्याच्या विमानातल्या खुर्च्या होतात. मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटण्यासारखं फार नव्हतं. अरबी समुद्रातून सोन्याची बिस्किटं उतरवण्याचा धंदा इथे तेव्हा जोरात होता, आणि पुढे १९६३ पासून सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले तेव्हा तर त्याला सुगीच आली.

सिनेमावाल्यांनी १९६४ मध्ये त्यात एक सुधारणा केली, आणि एका हिशेबनीसाचा सलाम त्यांना आहे. कादंबरीत गोल्डफिंगर फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या तिजोरीतलं, सोनं चोरायला निघतो. सिनेमात बाँड त्याला तोंडी गणित घालतो: पंधरा अब्ज डॉलरचं सोनं म्हणजे साडेदहा हजार टन, साठ माणसं लावली तरी दोनशे ट्रक भरायला बारा दिवस. तेव्हा गोल्डफिंगर गालात हसतो. चोरायचं कुणाला आहे? तिथे किरणोत्सारी बाँब फोडायचा, ते सोनं ५८ वर्षं कुणाला हात लावता येणार नाही असं करायचं, की याच्याजवळचं सोनं आपोआप दहापट महाग. तुटवडा निर्माण करायचा आणि साठा आपल्याकडे ठेवायचा. कांद्याचे भाव बघत वाढलेल्या माणसाला ही योजना पटकन समजते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, 'स्पेक्टर'वर. मूळच्या, १९६१ च्या 'थंडरबॉल'मधल्या.

शीतयुद्ध लवकर निवळलं तर रशियन खलनायक शिळे होतील, या धास्तीतून ही संस्था जन्माला आली. तिला देश नाही, तत्त्वज्ञान नाही, झेंडा नाही. पॅरिसच्या बुलेव्हार ओसमानवर तिचं कार्यालय. बाहेर पाटी काय, तर दडपशाहीविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करणारी आंतरराष्ट्रीय बंधुत्वाची संस्था. धर्मादाय! आमच्याकडेही ज्या ट्रस्टच्या नावात तीनपेक्षा जास्त सद्गुण असतात, त्याची पावतीपुस्तकं मी आधी मागवायचो.

एकवीस माणसं. त्यातले अठरा, तीन-तीनच्या सहा गटांत: हिटलरच्या गेस्टापोतून सुटलेले, स्मेर्शमधून आलेले, युगोस्लाव्हियाच्या टिटोच्या गुप्त पोलिसांतले, सिसिलीच्या माफियातले, कॉर्सिकाच्या टोळीतले आणि तुर्कस्तानातले. दोन तंत्रज्ञ. आणि एकविसावा एर्न्स्ट स्टाव्ह्रो ब्लोफेल्ड. लक्षात घ्या, ही सगळी अनुभवी, शिकलेली, शिस्तीची माणसं आहेत. मोठमोठ्या संस्था बंद पडल्या, धोरणं बदलली, आणि ती रिकामी झाली. गिरणी बंद पडल्यावर उत्तम कारागीर जसा शेजारच्या गाळ्यात जाऊन बसतो, तशी ती ब्लोफेल्डकडे आली. युद्धानंतरचा युरोप समजावून सांगायला एवढी एक यादी पुरते.

आणि त्यांची वाटणी बघा. नफ्यातले दहा टक्के संस्थेच्या खर्चासाठी राखीव. दहा टक्के ब्लोफेल्डचे. उरलेले ऐंशी, वीस सभासदांत प्रत्येकी चार. मी ती बेरीज पेन्सिलीने समासात केली होती. बरोबर शंभर! एकाही सहकारी साखर कारखान्याचा ताळेबंद मला पहिल्या फटक्यात जुळलेला आठवत नाही, आणि इथे जगातली सर्वांत दुष्ट संस्था, पै-पैचा हिशेब चोख. सभासदांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि ते आकडेही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सरकतात. त्यामुळे 'नंबर एक' म्हणजे साहेब असा अर्थच लागत नाही. त्या महिन्यात ब्लोफेल्ड 'नंबर दोन' असतो. सिनेमावाल्यांनी पुढे त्याला कायमचा 'नंबर एक' करून टाकला. गंमत गेली.

त्याच बैठकीत एक मुलगी पळवून खंडणी घेतल्याचं प्रकरण निघतं. कबूल केल्याप्रमाणे तिला सुखरूप परत द्यायचं होतं, पण कुणीतरी तिच्या अंगाला हात लावला. ब्लोफेल्ड काय करतो? खंडणीतली निम्मी रक्कम आईबापांना परत पाठवतो, आणि दोषी सभासदाला भर बैठकीत, त्याच्या खुर्चीतच विजेचा धक्का देऊन मारतो. यात नीती औषधालाही नाही, नुसती बाजारातली पत सांभाळणं आहे. उद्या आपण कुणाला धमकी दिली तर त्याने ती खरी मानली पाहिजे, आणि दिलेला शब्दही खरा मानला पाहिजे. गुन्हेगाराला 'क्रेडिट रेटिंग' असतं, हे मला बँकेच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नाही, ते फ्लेमिंगने शिकवलं.

या ब्लोफेल्डला मूळ कादंबरीत बालपण जवळपास नाहीच. आहे ती नोकरीची हकिगत. वॉर्सात टपाल-तार खात्यात कामाला होता, येणाऱ्याजाणाऱ्या तारा वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं की बातमी बाकीच्यांच्या आधी कळणं हाच सर्वांत मोठा नफा. बस्स, चरित्र संपलं. जन्मतारीख तेवढी फ्लेमिंगने दिली, २८ मे १९०८, आणि ती त्याची स्वतःची जन्मतारीख आहे. नाव शाळेतल्या एका सोबत्याचं, ज्याचा मुलगा पुढे क्रिकेटचा समालोचक झाला. हेन्री ब्लोफेल्डचा आवाज रेडिओवर लागला की मला उगाच सिनेमातल्या ब्लोफेल्डच्या मांडीवरचं पांढरं मांजर दिसायचं.

पुढचं कोर्टाचं रामायण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. 'थंडरबॉल'ची मूळ पटकथा फ्लेमिंगने केव्हिन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांच्यासोबत रचली होती, आणि कादंबरी छापताना त्यांची नावं घातली नाहीत. १९६३ मध्ये तडजोड झाली, पण 'स्पेक्टर' कुणाचं, हा वाद २०१३ पर्यंत चालला. पन्नास वर्षं! १९८१ मध्ये तर चाकाच्या खुर्चीतल्या, ब्लोफेल्डसारख्या दिसणाऱ्या एका टकल्या माणसाला, नावही न घेता, धुराड्यात टाकून देण्याची पाळी आली. वारसांनी तडजोड केली, नाव परत मिळालं, आणि मिळाल्याबरोबर तुमच्या आधीच्या मंडळींनी त्याचा भाऊबंदकीत चुथडा केला.

नाव नव्हतं त्या काळात मात्र एक चांगलं काम झालं होतं, आणि त्याला दाद कमी मिळाली. २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस'. सिनेमा धसमुसळा आहे, कबूल. पण त्यातला डॉमिनिक ग्रीन पर्यावरणवादी म्हणून मिरवतो आणि बोलिव्हियात जमिनीखाली पाणी अडवून ठेवतो. सगळे समजतात तेल आहे, निघतं पाणी. आणि शेवटी तो हुकूमशहापुढे ठेवतो काय? पाणीपुरवठ्याचा करारनामा. तिथल्या कोचाबांबा शहरात २००० साली पाण्याच्या खासगीकरणावरून लोक खरंच रस्त्यावर उतरले होते. परदेशी समीक्षकांना हा खलनायक किरकोळ वाटला. पाणी काय, नळ सोडला की येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मला ग्रीन आठवला होता. मराठवाड्यात टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या बाईला तो सिनेमा दाखवा. ती सांगेल किरकोळ आहे का.

मग २०२१. तुमच्याच आधीच्या सिनेमात सगळी 'स्पेक्टर' क्यूबामध्ये ब्लोफेल्डच्या वाढदिवसाला जमते आणि सूक्ष्म यंत्रांच्या एका फवाऱ्याने मिनिटाभरात खलास होते. एका तपासनीसाचा साधा प्रश्न: संचालक मंडळ मेलं म्हणून संस्था मरते का? खाती कुणाच्या नावावर होती? सह्यांचे अधिकार कुणाला होते? भाडेपट्टे, विमा, पगारपत्रक? पनामा पेपर्समध्ये एका कायदेविषयक कंपनीतून एक कोटीहून जास्त कागद बाहेर आले, आणि त्यामागची माणसं बहुतेक आजही सुखाने जेवतायत. संस्था अशी मरत नसते. वाढदिवसाचा केक खाऊन तर नाहीच.

आता खरी संस्था कशी असते ते सांगतो.

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये खातं होतं. कुणीतरी संगणकात शिरलं आणि ९५ कोटी डॉलर काढायचे आदेश सोडले. वेळ कुठली, तर गुरुवारची रात्र. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी. रविवारी ढाका उघडलं, तर न्यूयॉर्क बंद. सोमवारी न्यूयॉर्क उघडलं, तर फिलिपिन्सच्या मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. आणि व्यवहार छापणारा ढाक्यातला प्रिंटर बंद पडलेला, किंबहुना पाडलेला. एका आदेशात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं म्हणून शंका आली आणि तो अडला; बाकीचेही बहुतेक अडले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले, आणि तिथल्या कॅसिनोंच्या टेबलांवर विरघळले. ल शिफ्र कॅसिनोत खड्डा भरायला गेला होता. हे कॅसिनोत पुरावा पुसायला गेले.

तुम्ही खलनायकाच्या अड्ड्यासाठी ज्वालामुखी पोखरता. १९६७ मध्ये त्या एका सेटवर सुमारे दहा लाख डॉलर खर्च केलेत. इथे खलनायकाचं शस्त्र काय आहे? तीन देशांच्या सुट्ट्यांची यादी.

आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ही मंडळी माझ्या गावात आली. कॉसमॉस बँक, पुणे. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, आणि १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यावर आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटी रुपये. यंत्रणेच्या मधोमध एक खोटा दुवा बसवला होता, तो प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत होता. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे निघाले. संशयाची सुई फिरली उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या हॅकरांकडे. माझी बँक वेगळी, पण त्या आठवड्यात गावातला एकही बँकवाला नीट झोपला नसेल. कल्पना करा: जगाच्या त्या टोकाला आखणी, आणि या टोकाला रंकाळ्याच्या गावी कुणीतरी पोरगा टोपी घालून एटीएमपुढे उभा. त्याला माहीतही नाही तो कुणासाठी काम करतोय. माहीत नसण्याचेच पैसे त्याला मिळतायत. 'स्पेक्टर' याहून वेगळी काय असते?

आमच्याकडे या गोष्टीचा सरकारी कागदही आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बाँबस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसं गेली. त्यानंतर गृहसचिव वोहरा यांच्या समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्यातून एक समांतर सरकार चाललंय. कोरड्या सरकारी भाषेतले ते कागद कुठल्याही हेरकथेहून भयंकर आहेत.

तुमच्या ब्लोफेल्डची पिलावळ आमच्या पडद्यावरही झाली. 'शान'मधला शाकाल: टक्कल तेच, बेट तेच, मगर ज्यादा. मग मोगॅम्बो. अमरीश पुरींसमोर मी आजही नतमस्तक आहे, पण मोगॅम्बोच्या त्या बेटाचं वीजबिल कोण भरत होतं, हा प्रश्न मला १९८७ पासून छळतोय.

जाता जाता दोन किरकोळ हरकती. एक, चेहऱ्यावरचे व्रण. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्येच सांगितलं की व्रण म्हणजे दुष्टपणाची खूण, असं दाखवणाऱ्या सिनेमांना आम्ही पैसे देणार नाही. तरी २०२१ च्या सिनेमात व्रणवाले होतेच. ज्यांची चेहरेपट्टी गुळगुळीत असते, अशांनी बुडवलेल्या बँका मी जास्त बघितल्यात. दोन, पिवळे-सावळे रहस्यमय विदेशी. पुरे आता.

आणि एक गोष्ट बोलू का? राग मानू नका. 'मूनरेकर' कादंबरीतला ह्यूगो ड्रॅक्स हा १९५५ चा प्रचंड श्रीमंत उद्योगपती. स्वतःच्या पैशाने देशासाठी रॉकेट बांधतो, वर्तमानपत्रं त्याला डोक्यावर घेतात, आणि त्याच्याबद्दल पहिली शंका कशावरून येते, तर तो पत्त्यांत लबाडी करतो. तुमच्या कंपनीच्या संस्थापकांनाही रॉकेटांचा शौक आहे. निम्म्या जगाचं सामान तुमच्या गोदामांतून जातं, निम्म्या जगाच्या फायली तुमच्या यंत्रांवर राहतात. तुमच्यावर आरोप करत नाही. मी स्वतः चष्म्याची दोरी तुमच्याकडूनच मागवतो. पण आजच्या काळातला धंदेवाईक खलनायक प्रामाणिकपणे लिहायला बसलात, तर त्याचं कार्यालय तुमच्या कार्यालयासारखं दिसायला लागेल, ही अडचण मला दिसते. त्याला दुखावलेलं बालपण दिलं की ही अडचण आपोआप सुटते. रडका खलनायक मालकाला परवडतो. म्हणूनच मला भीती आहे की तुम्ही तोच निवडाल.

तसं होऊ नये म्हणून एक प्रसंग फुकट देतो, मानधन नको.

बैठकीची खोली. बेट नाही, ज्वालामुखी नाही; विमानतळाजवळच्या कुठल्याही हॉटेलात असते तशी, भिंतीवर नावेचं चित्र, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. बारा-तेरा माणसं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम होतं. कुणी आवाज चढवत नाही. अध्यक्षस्थानी एक बाई आहेत, साठीच्या, वाचायचा चष्मा गळ्यात. त्या तिमाहीचे आकडे ऐकतात, एकदोन ठिकाणी पेन्सिलीने खूण करतात, मनिलाच्या कामाबद्दल अभिनंदन करतात. मग कागद उलटा ठेवतात आणि टेबलाच्या पार त्या टोकाला बघून, अगदी आपुलकीने विचारतात, "तुम्ही गेल्या चार वर्षांत एकदाही रजा घेतलेली दिसत नाही. घरी सगळं ठीक ना?"

आणि त्या टोकाचा माणूस हातातला कप खाली ठेवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त तपासनीस,
सदाशिव पेठ, पुणे

ता. क. मांजर मात्र राहू द्या. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत ते नव्हतं, सिनेमावाल्यांनी आणलं, हे मला ठाऊक आहे. पण ते पगार घेत नाही, सही करत नाही, आणि दिवसाचे सोळा तास रजेवर असतं. माझी हरकत नाही.